मदत हवी आहे : धारेत फ्लोट सोडायला स्वस्तातली सेंटरपिन रील, बजेट ८ हजार (कोल्हापूर)

रिकामी_पिशवी :

नमस्कार मंडळी. गळ टाकायचं वेड जुनं आहे, शाळा बुडवून पंचगंगा घाटावर जोंधळ्याच्या धाटाचं भेंड तंगूसला बांधून बसायचो तेव्हापासूनचं, पण रीलच्या बाबतीत अजून बालवाडीतच आहे असं समजून उत्तर द्या.

आत्ता माझ्याकडं ७ फुटी रॉड आणि ४००० साइजची स्पिनिंग रील आहे. तळ्याला ठीक आहे. पण मला आवडतं ते धारेतलं, म्हणजे फ्लोट (तरंगणारं भेंड) पाण्यावर सोडून द्यायचा, गळ तळापासून चार बोटं वर, आणि पाणी नेईल तसं तीस-चाळीस मीटर जाऊ द्यायचं. स्पिनिंगची बेल (दोरी अडवणारी तारेची कडी) उघडी ठेवून बोटानं दोरी सोडायला जातो तर ती वेटोळ्यावेटोळ्यानं सुटते, फ्लोट दोन हात जातो, गचकन थांबतो, आडवा होतो, परत सुटतो. खाली कणकेचा गोळा उड्या मारत असणार. चिलापीला काय, ती त्यालाही झोंबते, पण रोहू असल्या नाचऱ्या आमिषाला कशाला तोंड लावतोय.

मावसभाऊ कॅनडात ओंटारिओला असतो, त्यानं व्हिडिओ कॉलवर त्याची सेंटरपिन दाखवली. ताटलीएवढं चाक, गिअर नाही, ड्रॅग (मासा ओढतो तेव्हाचा ब्रेक) नाही, मधे एक पिन आणि त्यावर फिरणारं ड्रम, बस्स. फुंकर मारली तर फिरायला लागलं आणि आमचं बोलणं संपेपर्यंत फिरतच होतं. तेव्हापासून डोक्यात तेच.

मग केली घाई. ऑनलाइन 'सेंटरपिन' नावानं एक रील दिसली, १९०० रुपये, फोटोत मोठी वाटत होती. आली ती तळहातात मावणारी, मागं ड्रॅगची चकती, उलटी फिरूच नये म्हणून आत खटका, आणि खटका काढला तरी फ्लोटच्या ओढीनं ती तसूभर हलत नाही. विकणारा म्हणतो वर्णन नीट वाचायचं होतं. वर्णनात फक्त 'हाय क्वालिटी' लिहिलेलं. मंडळी (घरची) विचारतायत कितीला पडली, मी म्हटलं ऑफर होती.

तर आता ८ हजारात खरी सेंटरपिन मिळेल का, ओकुमाची अव्हेंटा सगळे सांगतात ती नवशिक्याला बरी का, आणि तिसरं म्हणजे आपल्या उद्यमनगरात लेथवर करून घेतली तर? इथं लोक पंपाचे न् इंजिनाचे पार्ट टर्न करतात, एक चाक होणार नाही होय?

गळ_आणि_गप्पा :

भावा, १९०० ची रील पेपरवेट म्हणून मस्त दिसेल 😀 माझा आजा बांबूच्या काठीवर वाम धरायचा, रील नव्हती न् काय नव्हतं. बाकी चालू द्या, वाचतोय.

थंडीतला_गळवाला :

दादा, मी पण ओंटारिओतच, मूळचा गडहिंग्लजचा. सहा हिवाळे सेंटरपिनवर काढलेत, बोटं गारठून दगड होतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर सोडून द्या.

तुम्हाला जे आलं ते छोटं रील बर्फात भोक पाडून किंवा तराफ्यावरून सरळ खाली गळ सोडायला वापरतात. दिसायला तसंच, काम वेगळं. ओळखायची खूण व्यास. इकडं चालणाऱ्या फ्लोट रीलचा व्यास साधारण साडेचार इंच असतो, म्हणजे एका फेऱ्याला ३६ सेंटिमीटर दोरी. पाणी सेकंदाला अर्धा मीटर चाललं असेल तर ड्रमला सेकंदाला दीड फेरासुद्धा लागत नाही. तेच दोन इंची ड्रम असेल तर तीन फेरे मारावे लागतील आणि तेवढं ओढायची ताकद त्या बिचाऱ्या फ्लोटमधे नसते. म्हणून मोठं चाक.

आता सगळे फसतात ती गोष्ट. दुकानात लोक चाकाला जोरात टिचकी मारतात आणि मोबाइलवर वेळ लावतात, इतकी मिनिटं फिरलं म्हणून खूश. जड चाक एकदा फिरलं की फिरतच राहणार, त्यात काय विशेष. तुम्हाला बघायचंय ते थांबलेलं चाक किती हलक्या ओढीनं सुरू होतं. दोरीला तुमचा नेहमीचा फ्लोट आणि त्याखालचे शिशाचे मणी लटकवा, रॉड आडवा धरा. स्वतःच्या वजनानं खाली उतरत गेलं तर रील घ्या, लटकून राहिलं तर ठेवून या.

अव्हेंटा मी दोन वर्षं वापरली. नवशिक्याला चांगली, बेअरिंगवर फिरते, क्लिकर आहे म्हणजे चालताना दोरी आपोआप सुटत नाही. पण भारतात मागवायची तर कुरियर न् कस्टम धरून तुमचं बजेट मागं राहील. कुणी येणारं-जाणारं असेल तर त्याच्या बॅगेतून मागवा. इंग्लंडमधे कुणी ओळखीचं असेल तर आणखी बरं, हा सगळा प्रकार मूळ तिकडचाच, नॉटिंगहॅमला ट्रेंट नदीवर लाकडी रीलनं असंच फ्लोट सोडायचे. रेडिच गावच्या जे. डब्ल्यू. यंगच्या जुन्या रील तिकडं सेकंडहँड फिरत असतात. फक्त त्यांच्या नावापुढं 'अँटिक' लागलं की किंमत उडते, तिकडं बघायचं नाही.

आणि दोन गोष्टी कुणी आधी सांगत नाही. एक, सेंटरपिननं फेकणं हा स्वतंत्र उपद्व्याप आहे. दोरी आपोआप सुटत नाही, रॉडच्या रिंगांच्या मधली दोरी हातानं ओढून, चाकाला गती देऊन सोडावी लागते, पहिला महिना नुसता गुंता. दुसरं, गुंडाळताना एका फेऱ्याला तेच ३६ सेंटिमीटर, तीस मीटर गेलेला फ्लोट परत आणायला ऐंशीच्या वर फेरे. लोक हँडल धरतच नाहीत, ड्रमच्या कडेला तळहातानं चापट्या मारत फिरवतात. मासा लागला की ब्रेकही तुमचा अंगठाच. मजा त्यातच आहे, पण माहीत असावं.

दोरी साधी नायलॉन, ६ ते ८ पौंडाची. ब्रेड (विणलेली दोरी) अजिबात नको, ओढ बसली की खालच्या थरात रुतून बसते.

उद्यमनगरी_लेथ :

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडं, कारण हा खेळ मी खेळून बसलोय.

होतं. चाक होतं. पण हिशेब ऐका. साडेचार इंची, एक इंच जाडीचा ॲल्युमिनियमचा तुकडा कापला तर वजन जवळपास ७०० ग्रॅम, त्यातला बराचसा चुरा म्हणून खाली पडणार. आम्ही आधी ६०६१ चा (ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा नंबर) बार शोधला, तुकडा मिळाला नाही, शेवटी भंगारातून उचलला, तो टर्न करताना टूलला चिकटत होता, फिनिश असा की हातपुसणं फिरवलं तर धागे अडकावेत. दोन शनिवार गेले. मालक एका नगाला आधी तयारच नव्हता, म्हणाला शंभर पीसची ऑर्डर हाय काय? मी म्हटलं मासे धरायला एकच पुरतं.

चाक झालं, खरी गंमत पुढं. मागची प्लेट आणि ड्रमची कड यांच्यातली फट. तुमची दोरी साधारण पाव मिलिमीटर जाडीची, आणि माझी फट अर्धा मिलिमीटर. पहिल्याच सैल वेढ्याला दोरी फटीतून आत गेली आणि पिनीभोवती गुंडाळली, नदीकाठी बसून पाना लावून रील उघडली, स्क्रू गेला पाण्यात. फट दोरीपेक्षा बारीक पाहिजे आणि चाक फिरताना डुलता कामा नये, नाहीतर एका बाजूला घासणार आणि दुसऱ्या बाजूला उघडणार. हे जमलं तर जगात भारी, नाही जमलं तर कपाटात.

बेअरिंगचं मात्र स्वस्तात काम होतं. ६०८ नंबर घ्या, ८ चं भोक, बाहेरून २२, जाडी ७ मिलिमीटर, कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात मिळतं. रबरी सील असलेलं घेऊ नका, ते धरून ठेवतं, पत्र्याच्या शील्डचं, ZZ लिहिलेलं घ्या. नवीन आत ग्रीसनं भरलेलं असतं, तसंच बसवलं तर चाक जड फिरणार आणि तुम्ही म्हणणार लेथवाल्यानं घालवलं. पेट्रोलमधे बुडवून हलवून धुवा, वाळवा, शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. एकच. माझं आधी थांबायचं, धुतल्यावर फुंकरीनं फिरायला लागलं, आमचा पोरगा तासभर तेच करत बसला.

सगळं धरून किती गेले ते विचारू नका, विकतची स्वस्त पडली असती.

बरगे_काढा :

रील-बिल नंतर, आधी पाणी कुठं हाय ते सांगा. मी नदीकाठचाच, साठी उलटली.

आपल्या नदीला बारमाही धार नाही, बंधारे आहेत. कोल्हापूर पद्धतीचे बंधारे म्हणून आख्ख्या महाराष्ट्रात आपलंच नाव. पावसाळा संपला की बरगे (बंधाऱ्याच्या गाळ्यात बसवायच्या फळ्या) घालतात, पाणी तुंबतं, मग दोन बंधाऱ्यांच्या मधली नदी म्हणजे लांबडं तळंच. त्यात जलपर्णी आली की बघायलाच नको, फ्लोट ठेवायला जागा नाही. पावसाळ्याआधी बरगे काढतात, मग येतो पूर. राजाराम बंधाऱ्याला ३९ फुटाला इशारा आणि ४३ ला धोका, त्या पाण्यात फ्लोट सोडलात तर तो थेट नरसोबाच्या वाडीला कृष्णेत भेटेल.

म्हणजे तुमची ती साडेचार इंची चक्री खरी चालणार किती दिवस? पूर उतरून पाणी निवळतं तिथंपासून बरगे बसेपर्यंत, आणि मग भोगावतीला राधानगरीचं पाणी सोडतील तेव्हा वरच्या अंगाला. तेवढ्यासाठी घ्यायची तर घ्या, हौसेला मोल नाही, पण बंधाऱ्याच्या खाली दगडावर उभं राहून नको. वरून पाणी सोडलं की कळत नाही, पायाखालचा दगड आधी ओला होतो मग दिसेनासा.

आमिष म्हणून एक सांगतो, शेंगपेंड कुटून कणकेत मळा आणि पाण्याऐवजी काकवी घाला. गुऱ्हाळावरची, बाटलीतली नव्हे.

थंडीतला_गळवाला :

काकांचं बरोबर आहे, मी गाव सोडून इतकी वर्षं झाली की बरगे विसरलोच होतो. मग दादा, माझं मत बदलतो. ८ हजारातले पैसे आधी रॉडवर घाला. ७ फुटी रॉडनं सगळी दोरी पाण्यावर पडते, मधली जोराची धार तिला पोटाळून नेते आणि फ्लोट मागून ओढला जातो. तुमचा गचका निम्मा त्याचा आहे, निम्माच रीलचा. इकडं सेंटरपिनला १३ फुटी आणि त्याच्या वरचेच रॉड लावतात, दोरी पाण्यावरून उचलून धरता येते. साडेचार मीटरचा रिंगवाला टेलिस्कोपिक आपल्याकडं मिळतो. आहे ती स्पिनिंगच त्याला लावा, स्पूल (दोरी गुंडाळायचं रीळ) काठोकाठ भरा, दोरी बारीक घ्या, आणि बोट नुसतं स्पूलच्या ओठावर ठेवा, दाबू नका.

गळ_आणि_गप्पा :

जुनी फ्लाय रील चालेल का मग? माझ्याकडं एक पडून आहे, मुंबईच्या साहेबानं दिलेली, कशाला वापरायची तेच कळलं नाही आजवर.

थंडीतला_गळवाला :

चालते अर्धवट. क्लिकचा दात काढता आला तर बघा, आणि खाली जाड जुनी दोरी गुंडाळून ड्रम भरून घ्या म्हणजे दोरीचा व्यास वाढतो. सेंटरपिनसारखी सुटणार नाही, पण हात कसा चालतो ते कळेल.

रिकामी_पिशवी :

सगळ्यांचे आभार, एवढं कुणी घरचं पण समजावत नाही.

अपडेट देतो. साडेचार मीटरचा टेलिस्कोपिक घेतला, २७०० ला पडला. रविवारी सकाळी प्रयाग चिखलीला संगमाच्या खालच्या अंगाला गेलो, पाणी अजून चालतंय, निवळलंय. त्याच स्पिनिंगवर, स्पूल भरून. पहिल्या तासात तीनदा वरच्या करंजाच्या फांदीत अडकलो, एवढा लांब रॉड आहे हे हाताच्या अजून ध्यानात येत नाही. पण एकदा फ्लोट असा गेला की काय सांगू, सरळ, टोक वर, वीस-बावीस मीटर, मधे एकदाही थांबला नाही. शेवटी आपण होऊन बुडाला. मृगळ, पाऊण किलोचा असेल. काकवी लागू पडली काका, फक्त हात असे चिकट झाले की रीलचं हँडल सोडेना.

रीलचं असं ठरलंय की मावसभाऊ मे महिन्यात येतोय, त्याच्या बॅगेत अव्हेंटा बसते का बघतो. तो म्हणतो बदल्यात तांबड्या-पांढऱ्याचा मसाला दोन किलो. उद्यमनगरी दादा, तुमचं ते कपाटातलं चाक विकणार काय? फट कमी करायला मागं पातळ वॉशर घालून बघितला का कधी?

उद्यमनगरी_लेथ :

घातला, मग घासतंय. विकत नको, येऊन घेऊन जा, संध्याकाळी सहानंतर. स्क्रू एक कमी हाय.