ताऱ्यांचे ‘सर्वेक्षण’ की ‘मोजणी’? (‘लंबन’, ‘प्रत’ आणि ‘धातू’ यांसह)

प्रश्न : नागपुरातील आमच्या शाळेत नववीच्या विद्यार्थ्यांसाठी आकाशगंगेवर एक भित्तिपत्रक तयार होत आहे. त्यात ‘गाया’ या युरोपीय अंतराळ दुर्बिणीची माहिती द्यायची आहे. तिच्या कामाला ‘ताऱ्यांचे सर्वेक्षण’ म्हणावे की ‘ताऱ्यांची मोजणी’, यावर आम्हा शिक्षकांत मतभेद झाले. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या मते मोजणी शेताची होते, ताऱ्यांची नव्हे. शिवाय ताऱ्याच्या तेजस्वितेच्या श्रेणीला ‘प्रत’ म्हटले की मुलांना झेरॉक्स आठवते; त्याऐवजी हिंदीतला ‘कांतिमान’ घ्यावा का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : मी भूमी अभिलेख खात्यातून भूकरमापक म्हणून निवृत्त झालो असून आकाशदर्शन हा माझा जुना छंद आहे, त्यामुळे या प्रश्नाच्या दोन्ही बाजू मला जवळच्या आहेत. माझ्या मते आपल्याला दोन्ही शब्द लागतील, कारण ते एकाच कामाची दोन वेगळी अंगे सांगतात.

‘सर्वेक्षण’ म्हणजे सर्व अधिक ईक्षण, सगळीकडे नजर फिरवणे. यात ‘सर्व’ला खरा अर्थ आहे. एखादा तारा निवडून त्याचा अभ्यास करणे म्हणजे सर्वेक्षण नव्हे. गायाने निवड न करता, साधारण विसाव्या-एकविसाव्या प्रतीपर्यंतचे जे जे दिसेल ते टिपत संपूर्ण आकाश पुन्हापुन्हा पिंजून काढले, म्हणून तिचे काम सर्वेक्षण ठरते. मात्र ‘ताऱ्यांची गणना’ असे कृपया लिहू नये. गणनेत शेवटचे डोकेही मोजले जाते, आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या गायाच्या तिसऱ्या यादीत सुमारे १८१ कोटी नोंदी असल्या, तरी आकाशगंगेत १० हजार ते ४० हजार कोटी तारे असावेत असा अंदाज असल्याने ही यादी शंभरात दोन ताऱ्यांपर्यंतही पोहोचत नाही.

आता मोजणी. शेताची मोजणी आणि पीकपाहणी या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे आपल्याकडच्या कोणत्याही शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. मोजणीने धुरा (शेताची हद्द) कुठे आहे आणि आराजी (क्षेत्रफळ) किती आहे ते ठरते. त्या जमिनीत काय उभे आहे ते पाहणीने कळते. ताऱ्यांच्या बाबतीतही हीच विभागणी चपखल बसते. ताऱ्याचे स्थान, अंतर आणि गती ही मोजणी झाली. त्याच्या प्रकाशाचा वर्णपट (रंगांत फोडलेला पट्टा) घेऊन तापमान, घटकद्रव्ये आणि त्यांवरून वय-वस्तुमान काढणे ही पाहणी झाली. ‘गुणधर्मांचे मापन’ हा पाठ्यपुस्तकी शब्दप्रयोग चुकीचा नाही, पण त्यात हा भेद पुसला जातो, याचे मला वाईट वाटते.

आपल्या सहकाऱ्यांचा आक्षेप मी आदराने नाकारतो, कारण शेताची मोजणी आणि ताऱ्याची मोजणी यांची रीत मुळात एकच आहे. विद्यार्थ्यांना यासाठी लांब न्यायला नको. आपल्या शहरातला शून्य मैलाचा स्तंभ त्यांनी पाहिलेलाच असतो. त्याच्याजवळ महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची १९०७ सालची उंचीची खूण आहे. त्या सर्वेक्षणाचा पाया घालणारे विल्यम लॅम्ब्टन १८२३ साली नागपूरकडे येत असताना हिंगणघाटला वारले, आणि त्यांची कबर तिथेच आहे. त्यांची पद्धत अशी होती की, एक पायारेषा अत्यंत काळजीने मोजायची, तिच्या दोन्ही टोकांवरून दूरच्या खुणेचे कोन घ्यायचे आणि साखळी न टाकता गणिताने अंतर काढायचे. ताऱ्यासाठी ही पायारेषा म्हणजे पृथ्वीच्या कक्षेचा सुमारे ३० कोटी किलोमीटरचा व्यास. सहा महिन्यांच्या अंतराने दोनदा पाहिले की जवळचा तारा दूरच्या ताऱ्यांच्या तुलनेत किंचित सरकलेला दिसतो. जर्मन ज्योतिर्विद बेसेल यांनी १८३८ साली हंस तारकासमूहातील ६१ क्रमांकाच्या ताऱ्याचे अंतर असेच काढले. त्यांनी मोजलेला कोन विकलेच्या (अंशाच्या ३६०० व्या भागाच्या) एक-तृतीयांशाहूनही लहान होता.

या सरकण्याला मराठी विश्वकोशात ‘पराशय’ म्हटले आहे, पण माझा कल ‘लंबन’कडे आहे. ग्रहणाचे गणित करणारे पंचांगकर्ते हा शब्द शतकानुशतके वापरत आले आहेत. एवढे मात्र ध्यानात ठेवावे की त्यांच्या लंबनाची पायारेषा पृथ्वीची त्रिज्या असते आणि चंद्राचे लंबन जवळजवळ एक अंश भरते. ताऱ्यासाठी पायारेषा कक्षेची असते, म्हणून पत्रकात ‘वार्षिक लंबन’ असे पूर्ण लिहावे.

‘प्रत’ कृपया बदलू नये. कळमना बाजारात संत्र्यांची प्रतवारी होते तेव्हा पहिल्या प्रतीचा माल दुसऱ्या प्रतीपेक्षा सरस, हे मुलांना ठाऊक असते. म्हणजेच आकडा लहान तितका तारा तेजस्वी, हा जगभरच्या विद्यार्थ्यांना उलटा वाटणारा नियम मराठीत आपोआप सुलट होतो. ‘कांतिमान’ घेतल्यास मान वाढले म्हणजे कांती वाढली असे वाटून गोंधळ होईल. ही प्रतवारी प्राचीन ग्रीकांनी नुसत्या डोळ्यांनी केली होती, आपल्याकडच्या पिकांच्या नजरअंदाज पैसेवारीसारखी. १८५६ साली इंग्रज ज्योतिर्विद पॉग्सन यांनी तिला गणिताची चौकट दिली आणि पाच प्रतींचा फरक म्हणजे तेजात बरोबर शंभर पट असे ठरले. पहिल्या प्रतीच्याही वर असलेल्या व्याध या ताऱ्याची प्रत त्यामुळे उणे १.४६ येते. दिसणारे तेज आणि खरे तेज यांतला भेद दाखवण्यासाठी ‘दृश्य प्रत’ आणि ‘निरपेक्ष प्रत’ ही जोडी पुरेशी आहे : सूर्याची दृश्य प्रत उणे २६.७ आहे, पण तो निरपेक्ष प्रतीसाठी ठरवलेल्या ३२.६ प्रकाशवर्षांच्या अंतरावर नेऊन ठेवला तर जेमतेम ४.८ प्रतीचा, म्हणजे नागपूरच्या दिव्यांच्या उजेडात हरवून जाणारा तारा ठरेल.

शंका : वरील विवेचन पटले. पाहणीच्या भागात एक अडचण मात्र राहते. हायड्रोजन आणि हेलियम वगळता बाकी सगळ्या मूलद्रव्यांना ज्योतिर्विद सरसकट ‘धातू’ म्हणतात. रसायनशास्त्राच्या तासाला कार्बन आणि ऑक्सिजन अधातू म्हणून शिकवायचे आणि भित्तिपत्रकावर त्यांनाच धातू म्हणायचे, हे कसे जमावे?

उत्तर : अडचण खरी आहे, पण इंग्रजीत ती जितकी टोचते तितकी मराठीत टोचू नये. आपला ‘धातू’ केवळ लोखंड-तांब्यापुरता कधीच नव्हता. आयुर्वेदात रस, रक्त, मांस हे धातू आहेत, आणि व्याकरणात क्रियापदाच्या मूळ रूपाला आपण धातूच म्हणतो. ज्याने एखादी वस्तू घडते आणि टिकून राहते तो धातू, हा जुना अर्थ ताऱ्याच्या घटकांना शोभतो. तरीही नववीच्या मुलांसाठी ‘जड मूलद्रव्ये’ लिहावे, आणि ज्योतिर्विद त्यांना धातू म्हणतात एवढे एका वाक्यात सांगावे. सूर्याच्या वस्तुमानात यांचा वाटा दोन टक्क्यांहूनही कमी आहे, पण एवढ्याशा अंशावरून तारा आकाशगंगेच्या कोणत्या पिढीतला असावा याचा अंदाज बांधता येतो. भारतीय शास्त्रज्ञ मेघनाद साहांच्या १९२० सालच्या आयनीभवनाच्या (अणूंतून इलेक्ट्रॉन सुटण्याच्या) समीकरणाशिवाय वर्णपटातल्या रेषांवरून हे प्रमाण काढणे शक्य झाले नसते, म्हणून त्यांचे नाव पत्रकात अवश्य असावे.

पत्रकासाठी माझी सूचना अशी : ‘डिसेंबर २०१३ मध्ये प्रक्षेपित झालेल्या गाया दुर्बिणीने जानेवारी २०२५ पर्यंत आकाशाचे सर्वेक्षण केले; त्यातून ताऱ्यांची स्थाने, वार्षिक लंबने आणि निजगती यांची मोजणी झाली, आणि कोट्यवधी ताऱ्यांच्या वर्णपटांची पाहणी करून त्यांची तापमाने व जड मूलद्रव्यांचे प्रमाण काढण्यात आले.’ ‘निजगती’ (ताऱ्याचे आकाशातले स्वतःचे सरकणे) हा एकच शब्द लिहावा, मध्ये जागा सोडू नये.