मदत हवी आहे: लाकडाचा बारीक भुसा आवरत नाही

मंडळी, घराच्या मागच्या १० बाय १२ च्या खोलीत हौशी सुतारकाम करतो. छोटा टेबल सॉ, इलेक्ट्रिक रंधा आणि हातातला सँडर, एवढाच पसारा. हाती मारलेल्या रंध्याच्या ढलप्यांचा काही त्रास नाही. झाडूने गोळा होतात, बंबात जळतात. छळतो तो सँडरचा पिठासारखा भुसा. सागवान घासलं की दुसऱ्या दिवशीपर्यंत नाक चुरचुरतं, आणि एमडीएफ (लाकडाचा बारीक लगदा दाबून केलेला बोर्ड) कापलं तर विचारूच नका. एन-९५ मास्क लावतो, पण काढल्यावरही धूळ हवेत असतेच.

ओला-सुका व्हॅक्यूम क्लीनर आहे. त्याचा फिल्टर दहा मिनिटांत बुजायचा, म्हणून मध्ये प्लॅस्टिकचा सायक्लोन (हवा गोल फिरवून भुसा खाली पाडणारा शंकू) आणि रंगाची २० लिटरची बादली बसवली. भुसा बादलीत पडतो, फिल्टर टिकतो. पण नळी तुंबली की बादली आतल्या ओढीने चेपते. शिवाय इलेक्ट्रिक रंध्याच्या ढलप्या ३५ मिमीच्या नळीत कोपऱ्यावर हमखास अडकतात.

विचारायचं असं:

बादलीऐवजी पत्र्याचा डबा चालेल का? झाकण हवाबंद कसं केलंत?

टेबल सॉ आणि रंध्यासाठी ४ इंची पाइपचा १ एचपी डस्ट कलेक्टर (भुसा खेचून पिशवीत जमवणारं मशीन) घ्यावा का? व्हॅक्यूमला ओढ जोरात असली तरी हवा कमीच खेचली जाते, एवढं कळलंय. घरच्या सिंगल फेजवर कलेक्टर आणि सॉ अशी दोन्ही मशीन एकदम कोणी चालवतं का?

खिडकीत एक्झॉस्ट लावायचा सल्ला कृपया नको. शेजारच्या काकूंचे कपडे तिथेच वाळतात.