कुलाँब तोडला तर काय बिघडते?

दारव्ह्याचा पोट्टा:
नमस्कार मंडळी. एमएस्सी करून राह्यलो, सध्या गावात घरी आहे. ग्रोमॅक्समध्ये (रेणूंची हालचाल संगणकावर चालवणारं सॉफ्टवेअर) लायसोझाइम हे प्रथिन पाण्यात सोडलं आहे. लाइन कधी जाईल नेम नाही, लॅपटॉपची बॅटरी म्हातारी, म्हणून रन लवकर उरकायचा आहे. पीएमई (दूरच्या प्रभारांचाही हिशेब करणारी पद्धत) काढून साधा १ नॅनोमीटरचा कट-ऑफ टाकला, म्हणजे त्यापुढचं मोजलंच नाही, तर मस्त पळते. लेनर्ड-जोन्स (अणूंमधलं प्रभाराशिवायचं ओढणं-ढकलणं) तर आपण तिथंच तोडतो न, मग कुलाँबनंच (प्रभारांमधल्या बलानं) काय घोडं मारलं?

वर्धेकर ताई:
नको रे बाप्पा! लेनर्ड-जोन्सचं आकर्षण दुप्पट अंतरावर चौसष्टावा भाग उरतं, कुलाँब निम्मा उरतो. वरून, दूर जाशील तसे त्या कवचातले अणू अंतराच्या वर्गानं वाढतात. तू जिथं तोडतो तिथं दोन एकेरी प्रभारांमधली ऊर्जा १३८.९ किलोज्यूल प्रति मोल आहे. ३०० केल्व्हिनला उष्णतेची ऊर्जा (आरटी) जेमतेम २.५. मधलं पाणी ती बरीच झाकतं, पण ते झाकणारं पाणीही तू त्याच काठावर कापतो.

एवाल्डनं १९२१ मध्ये स्फटिकांसाठी युक्ती काढली. प्रत्येक प्रभारावर उलट चिन्हाचा गॉसियन ढग पांघरायचा, म्हणजे उरलेला भाग झटकन विझतो आणि कट-ऑफच्या आत मोजून होतो. पांघरलेल्या ढगांचा हिशेब वेगळा करायचा. तो गुळगुळीत असतो, म्हणून फूरियेच्या थोड्या लहरींत संपतो. लग्नाचा डीजे वावरात ऐकू येतो तसा: शब्द जातात, धमधम राहते. पीएमई (१९९३) हेच काम जाळीवर एफएफटीनं (झटपट फूरिये गणितानं) करते, खर्च एन लॉग एन (एन म्हणजे अणूंची संख्या).

स्फटिकवाला:
ताई, तोडणं म्हणजे पापच असं नाही. रिअ‍ॅक्शन फील्ड कट-ऑफबाहेर एकसारखं पराविद्युत (प्रभारांचं बल झाकणारं) माध्यम धरते. ग्रोमॉसची फोर्स फील्ड (अणूंमधल्या बलांची सूत्रं नि आकडे) त्यावरच बसवलेली आहेत. नुसतं पाणी असलं तर मी बिनधास्त वापरतो. पेशीपटल असलं तर नाही.

वर्धेकर ताई:
मान्य, पण नुसता कट-ऑफ म्हणजे रिअ‍ॅक्शन फील्ड नव्हे. भाऊ, तू चेकपॉइंट (रनची मधेच जतन केलेली स्थिती) सांभाळ: माइनस सीपीटी ५ दे, म्हणजे दर ५ मिनिटांनी जतन होईल (न सांगता १५ मिनिटं असते), लाइन आली की माइनस सीपीआयनं पुढं चालू. आणि लायसोझाइमवर अधिक ८ प्रभार असतो, ८ क्लोराइड टाकले का? नाही तर पीएमई गपचूप उलटा प्रभार सगळ्या डब्यात पसरवते.

दारव्ह्याचा पोट्टा:
टाकले. कट-ऑफ १ चा १.२ आन् पीएमईच्या जाळीतलं अंतर ०.१२ चं ०.१४४ केलं तर अचूकता तेवढीच राहते का?

वर्धेकर ताई:
हाव, जवळपास. दोन्ही एकाच पटीत वाढव. ग्राफिक्स कार्ड असलं तर एमडीरन (रन चालवणारी ग्रोमॅक्सची आज्ञा) सुरुवातीला हे जुळवणं आपोआप करते. लेनर्ड-जोन्सच्या कट-ऑफला मात्र हात लावू नको, तो फोर्स फील्डचा आहे.