मदत हवी आहे: नाइट स्टॉकर्स आणि गुप्ततेचा घोळ

मंडळी, एका जागी अडलोय. पुढच्या महिन्यात आमच्या वाचनालयाच्या कट्ट्यावर अमेरिकी सैन्याच्या १६०व्या रेजिमेंटवर, म्हणजे खास मोहिमांसाठी रात्री हेलिकॉप्टरं उडवणाऱ्या नाइट स्टॉकर्सवर, बोलायची पाळी माझी आहे. त्यांच्या मोगादिशू (१९९३ ची सोमालियातली लढाई) आणि ॲबटाबाद (लादेनवरचा छापा) या मोहिमा सगळ्यांना तोंडपाठ, म्हणून मुळापासून सुरुवात केली आणि तिथेच रुतलो.

२४ एप्रिल १९८०. तेहरानमधले अमेरिकी ओलीस सोडवायला निमिट्झ या विमानवाहू जहाजावरून ८ हेलिकॉप्टरं उडाली. वाटेत बारीक धुळीचे ढग लागले. वाळवंटातल्या ठरल्या जागी पोचली ६, त्यातलंही एक बिघडलं. ६ तरी हवीच होती, त्यामुळे मोहीम रद्द. परतायच्या गडबडीत एक हेलिकॉप्टर इंधनाच्या सी-१३० विमानावर आदळलं आणि ८ जण गेले.

ॲडमिरल हॉलोवेंच्या चौकशीत जे निघालं ते वाचून कपाळावर हात मारला. त्या धुळीची माहिती हवामानवाल्यांकडे होती! पण गुप्ततेपायी वैमानिकांना कुणी सांगितलीच नाही. सगळ्यांची मिळून रंगीत तालीमसुद्धा झाली नव्हती.

मग फोर्ट कॅम्पबेल या लष्करी तळावरच्या १०१व्या डिव्हिजनमधले वैमानिक घेऊन टास्क फोर्स १५८ उभं केलं आणि ऑक्टोबर १९८१ मध्ये त्याची १६०वी बटालियन झाली, तीच पुढे रेजिमेंट. पण ही तर कायमचीच गुप्त तुकडी! गुप्ततेनं घात केला, त्यावर उतारा म्हणून आणखी गुप्तता? कुणी उलगडून सांगेल का?

प्रतिसाद १: काका, गुप्तता कुणापासून, ते बघा. तेव्हा ती आपल्याच माणसांतही होती. १९८० ला हेलिकॉप्टरं नौदलाची, वैमानिक बहुतेक मरीन्सचे, सी-१३० हवाई दलाची, कमांडो लष्कराचे. चार घरचे पाहुणे एका पंगतीला! १६०वीत तीच माणसं, तीच यंत्रं, रोज रात्रीचा सराव. फुकट नाही जमलं ते, सुरुवातीला सरावातच कितीतरी जण दगावले. आफ्रिकेतल्या चाड देशातली त्यांची १९८८ ची मोहीम वाचा. लिबियन सैन्यानं तिथल्या वाडी दूम तळावर टाकून दिलेलं सोव्हिएत बनावटीचं हाइंड हेलिकॉप्टर यांनी चिनूक या मोठ्या मालवाहू हेलिकॉप्टरखाली टांगून आणलं. आधी न्यू मेक्सिकोत तालीम केली होती. परतताना धुळीचं वादळ लागलंच, तरी हाइंड घेऊन आले.

धागाकर्ता: वा! भाषण आता चाडपासूनच सुरू करतो. हाइंडचं वजन किती भरलं असेल? आमचे जोशीकाका पहिला प्रश्न तोच विचारणार.

प्रतिसाद १: रिकामं हाइंडच ८ टनांच्या वर जातं. त्यांना ट्रकच्या भाषेत सांगा.