बाटलीतून काढलेली ऑर्किडची रोपं कुजतायत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, फॅलेनॉप्सिस जातीच्या ऑर्किडचं बी बाटलीत आगरवर (जेलीसारखं माध्यम) रुजवलंय. ऑर्किडच्या बियांत स्वतःची शिदोरी जवळजवळ नसतेच. बुरशीची सोबत हवी, नाहीतर साखर घातलेलं माध्यम. बाटलीत सगळं झकास झालं, आधी हिरवे प्रोटोकॉर्म (बी रुजल्यावर होणारे इवलेसे गोळे), मग पानं, मुळं. खरी रडकथा पुढे. आगर कोमट पाण्याने धुऊन रोपं स्फॅग्नम मॉसमध्ये (पाणी धरून ठेवणारं शेवाळ) लावली, ट्रेवर पारदर्शक झाकण ठेवलं. हरितगृहात आर्द्रता ८० टक्क्यांच्या आसपास, वर सावलीची जाळी. तरी पानाच्या बुडाशी तपकिरी, पाणचट डाग पडतो आणि नुसतं बोट लागलं की पान सुटून हातात येतं.

रोपं लावतानाच बुरशीनाशक द्यावं का? की झाकण काढून पंखा चालू ठेवू? मॉसऐवजी झाडाच्या सालीचे बारीक तुकडे चालतील? फक्त 'पाणी कमी घाला' म्हणू नका, एवढीशी मुळं लगेच सुकतात.