शब्बाथला सुंता असेल तर मोहेलचे मानधन केव्हा आणि किती द्यावे?

प्रश्न (ठाणेकर_बाबा) : शालोम. आमच्या मुलाचा जन्म गेल्या शनिवारी सकाळी नैसर्गिक प्रसूतीने झाला, त्यामुळे आठवा दिवस पुन्हा शनिवारीच येतो आणि सुंता त्याच दिवशी घरी होईल. मोहेल (सुंता करणारे) शुक्रवारी सूर्यास्ताआधी येऊन आमच्याकडेच मुक्काम करणार आहेत. शब्बाथला (शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंतचा ज्यूंचा विश्रांतीचा दिवस) पैशाला हात लावायचा नसतो, मग पाकीट द्यावे केव्हा? रक्कम विचारली, तर “तुमच्या इच्छेला येईल ते” एवढेच ते म्हणाले आणि मी अधिकच बुचकळ्यात पडलो.

उत्तर (कोकणचा_तेली) : त्यांचे उत्तर टाळाटाळीचे नाही. सोळाव्या शतकातील क्राकोचे धर्मपंडित मोशे इस्सरलेस यांनी ‘शुल्हान आरूख’ या ज्यू धर्मनियमांच्या ग्रंथावरील आपल्या टिपांत लिहिले आहे की, पैसे घेतल्याशिवाय सुंता करणार नाही असे म्हणणाऱ्या मोहेलला धर्मन्यायालयाने खडसावावे, कारण अब्राहामाच्या वंशजांची ती रीत नव्हे. म्हणून भला मोहेल दर सांगत नाही. अर्थात, त्याने प्रवासखर्चही पदरचा घालावा, असे कोणी म्हटलेले नाही. तो आपण होऊन विचारा आणि भेटीच्या रकमेत धरू नका.

उत्तर (जुनी_मशीद) : शब्बाथच्या कामाची वेगळी मजुरी घेण्यास मनाई आहे; इतर दिवसांच्या कामाच्या मोबदल्यात ती मिसळून गेली, तर मात्र चालते. हज्जानाचा (सभास्थानात प्रार्थना चालवणाऱ्याचा) पगार महिन्यावर ठरवण्यामागेही हाच विचार आहे. तुमचे मोहेल शुक्रवारी बाळाला तपासतील आणि रविवारी जखम पाहतील, तेव्हा या सगळ्याचे मिळून एकच पाकीट रविवारी द्यावे. शुक्रवारी दिले तरी चालेल. पण काम होण्याआधी पैसे पुढे करणे मला तरी प्रशस्त वाटत नाही. एक ध्यानात असू द्या : कावीळ वगैरे कारणाने सुंता पुढे गेली, तर लांबलेली सुंता शब्बाथला करीत नाहीत.

उत्तर (कोकणचा_तेली) : रकमेबद्दल राहिलेच. हिब्रूत ‘हय’ म्हणजे जिवंत. त्यातल्या हेत या अक्षराचे 8 आणि योद या अक्षराचे 10 मिळून 18 होतात, म्हणून पुष्कळ लोक अठराच्या पटीत देतात. आमच्या घरात मात्र मराठी रिवाजाप्रमाणे वर एक रुपया ठेवतात, दोन्ही ठीकच. हे तुमच्या पत्नीचे पहिलेच अपत्य असेल आणि तुम्ही दोघेही कोहेन (पुरोहित) किंवा लेवी (मंदिरसेवक) घराण्यातले नसाल, तर एकतिसाव्या दिवशी त्याला सोडवून घेण्याचा विधी येईल. तिथे कोहेनला चांदीचे पाच शेकेल (एक प्राचीन वजन) द्यायचे हे तोराह या धर्मग्रंथानेच ठरवले आहे, त्यामुळे तेथे इच्छेचा प्रश्न येत नाही.

ठाणेकर_बाबा : पहिलेच अपत्य आहे, आणि आम्ही दोघेही त्या घराण्यांतले नाही. चांदीची चौकशी आजच करतो.