मदत हवी आहे: सांडपाण्याच्या क्रिगिंग नकाशात रोबोच्या वाटेवरच पट्टे उमटतात

कोकण किनाऱ्याजवळ समुद्रात सोडलेलं सांडपाणी कुठवर पसरतं याचा नकाशा करतो आहोत. विश्लेषण इथे पुण्यात चालतं. पाण्याखालचा रोबो २ मीटर खोलीवर, शेतात नांगर फिरवावा तसा, १ किलोमीटर लांबीच्या समांतर रेषांवरून ये-जा करतो. दोन रेषांत १०० मीटर अंतर, वेग सेकंदाला १ मीटर, सेकंदाला ४ नोंदी: वाहकता, तापमान, दाब; यांवरून क्षारता काढतो. पाहणीला २ तास लागतात. क्षारतेवर ऑर्डिनरी क्रिगिंग (आजूबाजूच्या नोंदींवरून मधल्या जागांचा अंदाज काढण्याची पद्धत) केलं की रेषांच्या दिशेनेच लांबट पट्टे येतात. एकेक नोंद वगळून पडताळलं तर चूक नगण्य. व्हेरिओग्रामचं (अंतर वाढतं तसा दोन नोंदींतला फरक किती वाढतो याच्या आलेखाचं) मॉडेल बदलूनही पट्टे तसेच. कुठे बघावं?

प्रतिसाद १

त्या पडताळणीवर विसंबू नका. वगळलेल्या नोंदीच्या शेजारची नोंद २५ सेंटिमीटरवर आहे, अंदाज बरोबर येणारच. अख्खी रेषा वगळून बघा, खरी चूक तिथे कळेल. त्याआधी दर १० मीटरची सरासरी घ्या. १०० मीटरच्या आतल्या बहुतेक जोड्या एकाच रेषेवरच्या, म्हणजे आडव्या दिशेचा व्हेरिओग्राम जवळच्या अंतरांसाठी तुमच्याकडे नाहीच.

माझा मुख्य संशय मात्र वेळेवर आहे. प्रवाह सेकंदाला ०.३ मीटर धरला तरी २ तासांत पाणी २ किलोमीटरहून जास्त सरकतं. पहिली आणि शेवटची रेषा एका क्षणाचं चित्र नव्हेच. पुढच्या पाहणीत सगळ्या रेषांना छेदणाऱ्या २-३ आडव्या रेषा घ्या; छेदबिंदूंवर क्षारता जुळली नाही तर संशय पक्का. प्रवाहमापक असेल तर प्रत्येक नोंदीची जागा एकाच क्षणाला आणून मग क्रिगिंग करा. डिफ्यूझरजवळ (सांडपाणी समुद्रात सोडणाऱ्या नळाच्या तोंडाजवळ) हे करू नका, कारण उगम जागचा हलत नाही.

आणि क्रिगिंग क्षारतेतल्या घटीवर करा, विरलतेवर (सांडपाणी किती पट पातळ झालं, म्हणजे समुद्राची क्षारता भागिले घट) नको. ३५ क्षारतेच्या पाण्यात १०० पट विरल सांडपाण्याने घट पडते जेमतेम ०.३५. घट सेन्सरच्या चढउताराइतकी उरली की भागाकारातून विरलतेचे आकडे भलतेच येतात. पावसाळ्यात तर नदीचं गोडं पाणीही हीच घट दाखवतं.

प्रतिसाद २

पट्टे जाताना एका बाजूला आणि येताना दुसऱ्या बाजूला सरकलेले असतील तर रोबो पाण्याखाली ज्यावर दिशा धरतो ते होकायंत्रही तपासा. २ अंशांची चूक १ किलोमीटरला ३५ मीटर आडवं नेते. खडकवासल्यासारख्या जलाशयात, परवानगी घेऊन, जीपीएसने मोजलेल्या दोन बिंदूंमध्ये पाण्याखालून पाठवा आणि वर आल्यावर फरक मोजा. गोड्या पाण्यात ४० लिटर आकारमानाच्या रोबोचं सुमारे १ किलो वजन उतरवावं लागेल, नाहीतर तो तळाशी जाईल.